ॲरंट शेरा

आमच्या गावात चांगल्या गोष्टीला ‘ॲरंट’ म्हणतात. ज्वारी ॲरंट, शेळी ॲरंट, एखाद्याची सून ॲरंट. जळकोटच्या बाजारात आमच्या गावचा माणूस ओळखायचा असेल तर त्याला समोरच्या बैलाबद्दल विचारावं. बैल खरंच चांगला असला तर तो पाठीवरनं हात फिरवून म्हणेल, ॲरंट हाय. बाहेरच्याला वाटतं, हा निजामाच्या वेळचा उर्दू शब्द असणार. एका पाहुण्यानं तर मला हे ठासून सांगितलं, आणि मी इंग्रजीची शिक्षिका असूनही गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे घरचे सांगतील, शाळेतले सांगतील, भाजीवालीसुद्धा सांगेल. पण या एका शब्दापुरतं मी तीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं.

शब्द इंग्रजीच आहे: arrant. तो गावात आणला आमच्या सरांनी. त्यांना आता ऐंशी उलटून गेली. ते शिकत होते तेव्हा इंग्रजी शिकवायला धड मास्तर मिळायचा नाही, म्हणून त्यांनी तुळजापूरच्या जत्रेत पालावरनं तळहाताएवढी एक इंग्रजी-मराठी डिक्शनरी घेतली आणि पहिल्या पानापासून पाठ करायला बसले. त्यातल्या सुरुवातीच्याच पानांवर हा शब्द होता आणि त्याच्यापुढं तीन अर्थ होते: पक्का, पुरेपूर, निव्वळ. बस्स. वाक्य नाही, उदाहरण नाही. सरांना शब्द आवडला. पुढं गावच्याच हायस्कूलला ते इंग्रजीचे मास्तर झाले आणि त्यांनी तो शेऱ्याला वापरायला काढला.

वही पूर्ण केली की ‘गुड’. अक्षर बरं असलं आणि चुका कमी असल्या की ‘व्हेरी गुड’. आणि वर्षातनं एकदा, जानेवारीत, सराव परीक्षेच्या आधी, दहावीच्या सगळ्या वह्या टेबलावर रचायच्या. सर दोन दिवस बसून एकूण एक वही वाचायचे आणि एकाच वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईनं ‘ॲरंट’ लिहायचे. खाली दोन रेघा, सही, तारीख. ती वही मग घरी पेटीत जायची, सातबाऱ्याच्या आणि रेशनकार्डाच्या शेजारी. आमच्यातल्या एकाच्या लग्नाच्या बायोडाटात ‘दहावीला ॲरंट’ असं छापलेलं मी या डोळ्यांनी बघितलंय. मुलीकडच्यांनी ती कुठली परीक्षा असते असं विचारलं नाही. बहुतेक विचारायला लाजले असतील.

आमच्या वर्षी तो शेरा मला मिळायला पाहिजे होता. वर्गात पहिली मी, इंग्रजीत सगळ्यात जास्त मार्क मला, वहीला खाकी कव्हर, कोपरा कुठं दुमडलेला नाही. आणि सरांनी तो दिला कुणाला, तर शेवटच्या बाकावरच्या एका पोराला, ज्याच्या कपड्याला कायम म्हशीच्या गोठ्याचा वास यायचा आणि जो पुढं दहावीला इंग्रजीतच नापास झाला. मला इतका राग आला की मी आठ दिवस सरांकडं मान वर करून बघितलं नाही. त्या पोरानं पुढं शेतात भट्टी टाकली आणि खव्याच्या धंद्यात शिरला. तुळजापूरच्या पेढेवाल्यांना त्याचा खवा जातो. आम्ही अजून भेटतो, बोलतो, तो मला मुद्दाम ‘मॅडम’ म्हणून चिडवतो. पण तो शेरा माझ्या मनातनं काही गेला नव्हता.

म्हणूनच असेल, कॉलेजात पहिल्या वर्षाला ‘माझे शिक्षक’ असा निबंध लिहायला सांगितला तेव्हा मी सरांना तोच शब्द लावला. माझ्याजवळचा सगळ्यात मोठा शब्द तोच होता. प्राध्यापकांनी ते वाक्य वर्गात मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग त्यांनी समजावून सांगितलं. शब्द जुना आहे, आताशा कुणी बोलण्यात वापरत नाही, जुन्या नाटकांत आणि पुस्तकांत सापडतो. अर्थ पक्का, पुरेपूर, हे खरंच. पण तो लागतो वाईटालाच. बदमाश, खोटारडा, पळपुटा, निव्वळ मूर्खपणा, अशांच्या आधी. आपल्याकडं अट्टल चोर म्हणतात, अट्टल दारुडा म्हणतात, अट्टल कीर्तनकार कुणी म्हणत नाही. माणूस ठार वेडा असतो, ठार शहाणा नसतो. ‘या मुलीनं आपल्या गुरुजींना अट्टल मास्तर करून टाकलंय,’ असं ते म्हणाले आणि सगळा वर्ग परत हसला.

त्या दिवशी मी हॉस्टेलवर जाऊन रडले. राग प्राध्यापकांचा आला, वर्गाचा आला, माझा स्वतःचा आला, सरांचा मात्र आला नाही. उलट त्यांचीच काळजी वाटली. इतक्या वर्षांत इतक्या वह्यांवर त्यांनी हे लिहून ठेवलंय, आणि कुणी तरी एक दिवस त्यांच्या तोंडावर असंच हसेल. तेव्हाच ठरवलं की निदान माझ्याकडून त्यांना हे कधी कळणार नाही.

बारा वर्षांपूर्वी माझी बदली गावच्याच हायस्कूलला झाली. सर कधीच रिटायर झालेले, पण जानेवारीतला शेरा त्यांनीच द्यायचा हा रिवाज शाळेनं मोडला नव्हता. वह्या गोळा करणं, टेबल लावणं, सरांना पाणी देणं माझ्याकडं आलं. दरवर्षी मी त्यांच्या शेजारी बसायचे. ते लाल पेनाचं टोपण काढायचे, शेवटच्या पानावर शब्द लिहायचे, दोन रेघा मारायचे, आणि मी तेवढा वेळ खिडकीबाहेरच्या चिंचेकडं बघत राहायचे. घरी जाताना मला माझं लई कौतुक वाटायचं. गुरूचा मान राखावा तर असा, असं मी मनातल्या मनात स्वतःला सांगायचे.

मग गेल्या डिसेंबरात खव्यावाल्यानं हायवेला दुकान बांधलं. सोलापूर-हैदराबाद जाणाऱ्या गाड्या तिथं चहाला थांबतात, तिथं खवा नि पेढे विकायचे. फीत सरांनीच कापायची, हे त्यानं पाया खणतानाच ठरवून टाकलं होतं. निमंत्रण द्यायला तो सरांच्या घरी आला तेव्हा मीही ओसरीवर होते. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, आतनं चहा घेऊन येत होत्या. त्यानं पेंटरनं काढून दिलेला बोर्डाचा कागद उलगडला. मोठ्या इंग्रजी अक्षरांत दुकानाचं नाव: ‘ॲरंट खवा’. माझ्याकडं कागद सरकवून म्हणाला, मॅडम, स्पेलिंग बघा, पेंटरवर भरवसा न्हाय.

स्पेलिंग बरोबर होतं. पण तो शब्द हातभर उंचीचा होऊन हायवेवर उभा राहणार हे डोळ्यापुढं आलं आणि माझी जीभ सुटली. ‘अरे येड्या, हे नको लिहू. एखादा शिकलेला माणूस गाडीतनं उतरला तर म्हणेल, हा अट्टल भेसळीचा खवा दिसतो. इंग्रजीत हा शब्द बदमाशाला लावतात.’

बोलून झाल्यावर मला कळलं की सर माझ्यापासून दोन हातांवरच बसलेत. काकू ट्रे धरून उंबऱ्यातच थांबल्या. खव्यावाला एकदा माझ्याकडं आणि एकदा सरांकडं बघत राहिला. सर म्हणाले, पुन्हा सांग. मी सारवासारव करायला लागले, की आता काळ बदललाय, अर्थ बदलतात, काही ठिकाणी चालतं. त्यांनी हात वर केला, शाळेत वर्ग गप्प करायला करायचे तसा, आणि माझा मोबाईल मागितला. मी मोठी डिक्शनरी उघडून दिली. चष्मा कपाळावर सारून, मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी सगळं वाचलं, ओठ हलवत. खाली चार वाक्यं दिली होती, आणि चारींत एकही सज्जन नव्हता. मोबाईल माझ्या हातात परत देऊन ते म्हणाले, चहा घ्या, गार होतोय. आणि आत निघून गेले.

आठ दिवसांनी काकूंचा फोन आला. जेवण अर्धी भाकरी, रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या बंद, दिवसभर कागद घेऊन बसतात, तू ये आणि काय ते निस्तर. मी शाळा सुटल्यावर गेले. सर ओसरीवर यादी करत होते. ज्यांना ज्यांना तो शेरा दिला त्यांची नावं, वर्षासकट, आठवून आठवून. मधल्या तीन-चार वर्षांच्या जागा रिकाम्या होत्या आणि त्याचा त्यांना फार त्रास होत होता. मिळतील त्यांना ते फोन लावत होते: वही घेऊन ये, शेरा चुकलाय, दुरुस्त करून देतो. एक पुण्याला कंपनीत, एक एसटीत कंडक्टर, एक जण तर परदेशात ट्रेलर चालवतो. सगळे म्हणाले, सर, राहू द्या की. त्यानं त्यांना आणखी वाईट वाटत होतं. शाळेला त्यांनी चिठ्ठी लिहून ठेवली होती, ती मला दिली. ज्याला शब्द कळत नाही त्यानं पोरांच्या वह्या तपासू नयेत, सबब मी यंदापासून येणार नाही, असं दोन ओळींत होतं. खाली सही, तारीख.

 या माणसाला वह्यांपासून तोडलं तर मागं काय राहणार होतं? मी म्हटलं, ‘सर, आजवर कुणाला कळलं नाही, पुढंही कळणार नाही. मनाला लावून घेऊ नका.’

‘तुला कधी कळलं?’

खोटं बोलायचं मनात आलं, पण त्यांच्यासमोर मला ते कधीच जमलेलं नाही. मी म्हटलं, ‘कॉलेजात. पहिल्या वर्षाला.’

‘म्हणजे बारा वर्षं तू शेजारी बसून बघत होतीस.’

‘तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, सर.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘तुझ्या वहीतली एक तरी चूक मी कधी सोडली का?’

‘नाही सर.’

‘का नाही सोडली? तू शिकशील असं मला वाटत होतं म्हणून.’ ते म्हणाले, ‘तुला माझ्याबद्दल तसं वाटलं नाही.’

त्यांनी आवाज चढवला असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. पण ते इतकं साधं बोलले की मी चप्पल घातली आणि निघाले. वाटेत हरभऱ्याच्या रानाकडेला उभी राहून पोटभर रडले. तीस वर्षं ज्याला मी मान राखणं म्हणत होते, ते म्हणजे मी त्यांना म्हाताऱ्यात काढून बाजूला बसवणं होतं. शिकवणाऱ्या माणसाला आपण आता शिकण्यातला नाही असं समजतोय, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. चिठ्ठी मी हेडमास्तरांना दिली नाही. पर्समध्येच ठेवली.

वही घेऊन आला तो एकटा खव्यावाला. तो येणार हे काकूंनी मला कळवलं, म्हणून मीही गेले. सर माझ्याशी बोलले नाहीत, बसही म्हणाले नाहीत. काकूंनीच हाताला धरून बसवलं. त्यानं प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांतनं वही काढून सरांपुढं ठेवली आणि स्वतः खाली सतरंजीवर मांडी घातली. सर पानं उलटायला लागले. बत्तीस वर्षांपूर्वी जी वही मला बघायलाही मिळाली नव्हती ती मी आता वाकून बघत होते.

वही लाल होती. एक ओळ सरांच्या पेनातनं सुटलेली नव्हती. पण प्रत्येक लाल खुणेखाली त्या पोरानं तो शब्द किंवा ते वाक्य नीट करून परत लिहिलेलं होतं, एकदा नाही, चार-चार, पाच-पाच वेळा. पान पुरलं नाही तिथं समासात, समास पुरला नाही तिथं घरातल्या कुठल्याशा कागदाचा तुकडा चिकटवून. जूनपासून जानेवारीपर्यंत. माझ्या वहीत चुका कमी होत्या हे खरं, पण ज्या होत्या त्या मी वाचून सोडून दिल्या होत्या, परत लिहायचं कधी मनात आलं नव्हतं. माझा बत्तीस वर्षांचा राग तिथंच ओसरला, आणि जरा लाजही वाटली.

सरांनी शेवटचं पान काढलं, लाल पेन उघडलं. खव्यावाला म्हणाला, ‘सर, खोडायचं तर खोडा, वही तुमचीच हाय. पण एक सांगतो. भट्टीवर रोज मोह होतो. मैदा घातला तर कुणाच्या बापाला कळत न्हाय. म्या आजवर घातला न्हाय, कारण माझ्या वहीत हे लिवलंय.’

 सरांनी शब्द न खोडता त्याच्या खाली लिहायला घेतलं. मराठीत. इंग्रजीच्या वहीत त्यांनी मराठी लिहिलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. ‘वरील शब्द माझ्याकडून चुकून लिहिला गेला. विद्यार्थ्याबद्दल माझं मत तेच आहे.’ सही, आजची तारीख. खव्यावाल्यानं वाचलं आणि टॉवेलनं तोंड पुसत बसला. काकू उगाच आत जाऊन डबे वाजवायला लागल्या. बोर्डाबाबत मात्र सरांनी माघार घेतली नाही. गावात काय बोलायचं ते बोला, हायवेवर चुकीचं इंग्रजी लागणार नाही, म्हणाले. खव्यावाला लई कुरकुरला. शेवटी बोर्ड ‘शुद्ध खवा’ असा मराठीत लागला आणि सरांनी फीत कापली. पहिल्या दिवशीचा माल चारच्या आत संपला, आणि गावातल्या ज्यानं त्यानं पेढा तोंडात टाकून ‘ॲरंट हाय’ म्हटलं. सरांच्या समोरच म्हटलं. सरांनी नुसता दुसरा पेढा उचलला.

माझ्याशी मात्र ते अजून बोलत नव्हते. जानेवारी आला. मी दहावीच्या वह्या गोळा केल्या, टेबल झटकलं, तांब्या भरून ठेवला. सर येणार का, हे पोरांनी मला चारदा विचारलं आणि मी चारीदा त्यांच्यावर खेकसले. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. हेडमास्तर म्हणाले, यंदा तुम्हीच देऊन टाका शेरा. मी नाही म्हटलं. अकरा वाजायला आले तेव्हा खव्यावाल्याची मोटारसायकल फाटकातनं आत आली आणि मागं सर बसलेले होते, स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून.

वर्ग उभा राहिला. सर खुर्चीत बसले, दम खाल्ला, खिशातनं एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला. यंदापासूनचा नवा शेरा. इंग्रजीत एकच वाक्य होतं, की ही वही वाचताना मला आनंद झाला. शेजारी त्यांनी आपलं लाल पेन ठेवलं, टोपण काढून.

‘तपास,’ म्हणाले.

सगळा वर्ग बघत होता. मी वाचलं. एका शब्दात एक अक्षर राहून गेलं होतं. माझी नजर सवयीनं खिडकीकडं गेली. एवढ्याशा अक्षरानं काय बिघडणार होतं, पोरांच्या लक्षातही आलं नसतं. मग मी पेन उचललं आणि त्या शब्दाभोवती गोल केला. लाल, चांगला ठसठशीत.

‘सर, इथं चुकलंय.’

 सर पुढं वाकले. चष्मा वर केला, बघितलं, मान हलवली. पेन माझ्या हातातनं घेऊन त्यांनी ते वाक्य खाली परत लिहिलं, सावकाश, पूर्ण, आणि कागद परत माझ्याकडं सरकवला. मी अक्षर अन् अक्षर बघितलं आणि बरोबर आहे म्हणून सांगितलं.

‘अजून काही असेल तर आत्ताच सांग.’

‘नाही सर. एवढंच.’

‘मग बस,’ ते म्हणाले, आणि त्यांनी पहिली वही पुढं ओढली.